मायची तासे

पहिल्यानेच सांगून टाकते. माझे ऱ्हस्वदीर्घ चुकतात, आणि अक्षर कोंबडीने उकरल्यासारखे येते. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही कापसाच्या पैशाने. पैसा गेला तशी शाळाही गेली. त्यानंतर लेखणी हातात आली ती कधीमधी भावाला खुशाली कळवण्यापुरती. हे कागद कुणाला दाखवायचे नाहीत. पण चुकून कुणाच्या हाती पडलेच, तर त्याने माझ्या अक्षराला खुशाल हसावे, माझ्या मायला हसू नये.

आज सकाळी सूनबाई माजघराच्या चौकटीला टेकून उभी होती. मुलाला कचेरीत जायची घाई होती. ती हळूच म्हणाली, "भाजीले पैसे पायजे होते."

"काल देले होते ना व?"

"काल तेल आनलं."

त्याने दिले. रागावला नाही, कुरकुरला नाही. माझा मुलगा चांगला आहे. पण पैसे हातात पडेपर्यंत सूनबाई पायाच्या अंगठ्याने जमिनीवरचे शेण खरवडत होती. माझी मायही अशीच उभी राहायची. अशी उभी राहायला ती जन्मापासून शिकलेली नव्हती. मी सातआठ वर्षांची होते तेव्हा ती ते शिकली, माझ्या डोळ्यांदेखत.

अमरावतीच्या बाजारातून सूनबाईने अंबाडीची जुडी आणली होती. चांगली निवडून, धुऊन, लसणाच्या फोडणीची भाजी केली. मी दोन घास खाल्ले. मग सांगितले की तोंडाला चव नाही. तिला वाटले भाजी बिघडली. भाजी बिघडली नव्हती ग बाई. ती विकतची होती, एवढेच.

आमचे गाव अकोल्याहून पातूरला जाणाऱ्या वाटेवर, वाटेपासून थोडे आत. आभाळ मोकळे असले की दक्षिणेला पातूरचे डोंगर निळे दिसत. जमीन काळी, पावसाळ्यात पाय घोट्यापर्यंत रुते आणि उन्हाळ्यात भेगा अशा पडत की माझी बाहुली एकदा त्यात गेली ती सापडलीच नाही. घरात बा, माय, मी आणि माझ्या पाठचा भाऊ, तो तेव्हा रांगत होता. पीक म्हणजे ज्वारी आणि पराटी. कापसाच्या झाडाला आम्ही पराटी म्हणतो.

आमच्याकडे पेरणीच्या वेळी तिफणीच्या मागे दोरीने एक पोकळ बांबूची नळी बांधतात. तिला सरते म्हणतात. पुरुष तिफण हाकतो, तिच्यातून ज्वारी किंवा शेणामातीत घोळलेली सरकी पडत जाते. बाई ओटीत तूर घेऊन मागून चालते आणि मुठीमुठीने सरत्यात सोडते. म्हणजे पराटीच्या काही ओळी झाल्या की एक ओळ तुरीची येते. ओळीला आम्ही तास म्हणतो. ही तुरीची तासे, आणि धुऱ्याने, म्हणजे बांधाच्या कडेने लावलेली अंबाडी, तीळ, बरबटी, भेंडी, हे सगळे घरातल्या बाईचे. असे कुणी ठरवले होते ते मला माहीत नाही. पण कापूस किती झाला हे जसे माय विचारत नसे, तशा तुरी किती झाल्या हे बा विचारत नसे.

भाकरीबरोबर जे लावून खायचे, भाजी असो, वरण असो, चटणी असो, त्याला आम्ही कोरड्यास म्हणतो. आमच्या घरची भाकर बाच्या वावरातून येई आणि कोरड्यास मायच्या तासातून. पावसाळ्यात अंबाडीची कोवळी पाने ज्वारीच्या कण्यांत शिजत, वरून कडकडीत तेलातला लसूण पडे, आणि तो आवाज ऐकला की मी असेन तिथून धावत येई. पुढे बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा. थंडीत हिरव्या तुरीचे दाणे पाट्यावर ओबडधोबड वाटून त्याची आमटी, ती इतकी हिरवी की हात धुतले तरी बोटांना वास राही. अंबाडीच्या लाल बोंडांची आंबट चटणी. तीळ तेल्याकडे गेले की घरात तेल येई. वाण्याकडे शेरभर तीळ टाकले की मीठ येई. अंबाडीच्या काड्या नाल्यात कुजवून त्यांचा वाक निघे, त्याचे दोर होत. एवढे सगळे घरात येई आणि पैशाचा आवाज म्हणून ऐकू येत नसे.

उरलेले माय आठवडी बाजारात विकी. त्याचे पैसे ती एका लहानशा गाडग्यात ठेवी, आणि गाडगे कुठे ठेवी ते मला ठाऊक होते, पण मी कधी हात लावला नाही. त्यातून माझ्या कानातले आले होते. मामाच्या लग्नाचा आहेर त्यातूनच झाला होता. तेव्हा ती बाला विचारायला गेली नव्हती. नुसते सांगितले होते.

मग कापसाचा भाव चढला. गावात सांगत की सातासमुद्रापलीकडे कुठे लढाई जुंपली आहे, तिकडचा कापूस बंद झाला आहे, म्हणून साहेबाला आपला कापूस पाहिजे. कुठली लढाई आणि कशावरून, ते आम्हाला काही कळले नाही. पण अकोल्याला गाड्यांच्या रांगा लागल्या आणि ज्यांच्या अंगाला धड बंडी नव्हती ते जरीचा रुमाल बांधून परत येऊ लागले, हे आम्ही पाहिले. बाला झोप लागेना. त्याला आणखी एक बैलजोडी पाहिजे होती, म्हणजे पडीक टाकलेला तुकडाही पेरता आला असता. थोडे पैसे कमी पडत होते.

तो मायला म्हणाला, "तुह्या गाडग्यात काई आहे का व?"

"आहे."

"दे मले. कापूस इकला का तुहे तुले देतो."

"द्या मंग," माय म्हणाली, आणि गाडगे आणून त्याच्यापुढे पालथे केले. अठरा रुपये निघाले. बा थोडा वेळ बघतच राहिला. एवढे असतील असे त्याला वाटले नसावे.

बैल आले. पांढरे, उंच, शिंगे रंगवलेले. मायने त्यांचे पाय धुतले, पुरणाचा घास दिला. आणि त्याच बैलांना जुंपून पेरणी सुरू झाली तेव्हा ती नेहमीसारखी ओटीत तूर घेऊन शेतात आली. मी तिच्या मागे होते, माझ्या ओच्यात अंबाडीचे बी. बा तिफणीची दोरी सोडत होता. सरते सोडून त्याने बांधावर टाकले.

"हे काहून सोडून राहिले?" मायने विचारले.

"यंदा सरतं नाई. निरा पराटी. एका तासाच्या कापसात गाडीभर तुरी येतीन, माईत आहे का तुले?"

"अन् भाकरीसंगं काय खासान?"

"इकत आनू. अकोल्याच्या बाजारात काय नाई भेटत?"

"अन् धुरा?"

"धुऱ्यापावतर नांगरलं आहे. इतकी जागा कायले वाया घालवाची?"

माय बैलांकडे बघत राहिली. ओटीत घेतलेले बियाणे परत कणगीत टाकायचे नसते, असे आमच्याकडे मानतात. म्हणून घरी आल्यावर तिने ती तूर जात्यावर भरडली आणि संध्याकाळी तिचे वरण केले. पेरायची तूर आम्ही जेवलो. बा म्हणाला वरण बरे झाले आहे.

त्या वर्षीच्या कापसाचे पैसे मी डोळ्यांनी पाहिले आहेत. बा अकोल्याहून आला की कमरेचा कसा सोडून चटईवर ओती. आणि बाजारही तोच करी, कारण पैसा त्याच्याकडे होता आणि गाडी त्याच्याकडे होती. त्याने आणलेल्या वस्तू मला अजून दिसतात. खारका, खोबऱ्याच्या वाट्या, खडीसाखर, गव्हाचे पोते, आणि पांढरा तांदूळ, जो आम्ही आधी सणालाच पाहत होतो. मला तर स्वर्गच आला होता. मी गावभर तोंडात खडीसाखर घेऊन हिंडत असे आणि दुसऱ्या पोरींना जीभ काढून दाखवीत असे. त्याच वर्षी त्याने मला गावच्या नव्या शाळेत घातले. गावातल्या दोन मोठ्या घरच्या मुली जात होत्या, मग त्याचीही गेली पाहिजे.

एके दिवशी त्याने गाडीभर बाजार आणला. माय एक एक उतरवून ठेवीत होती. शेवटी ती म्हणाली, "मीठ?"

बाने कपाळाला हात लावला. "राह्यलं बाप्पा!"

"मिरच्याही नाई."

"खारका आहेत ना," बा म्हणाला, आणि स्वतःच हसला. मायही हसली. त्या रात्री आम्ही अळणी खिचडीवर साखर टाकून खाल्ली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, वाण्याकडे टाकायला तीळ नव्हते म्हणून, माय पहिल्यांदा चौकटीशी जाऊन उभी राहिली.

"मिठाले पैसे पायजे होते."

बाने लगेच दिले. घरच्यासाठी त्याने कधीच नाही म्हटले नाही, हे मी लिहून ठेवते, कारण ते खरे आहे. पण त्याला कळत नसे की रोज रोज काय लागते. आज तेल, उद्या डाळ, परवा दोर, कारण अंबाडी नाही तर वाकही नाही, आणि गाईला बांधायला दोरसुद्धा विकत. तो म्हणे, "परवाच तर देले होते. एवढं जाते कुठी?" माय कुठे जाते ते सांगत नसे. अंगठ्याने जमीन खरवडी. आधीही एवढेच जात होते. आधी ते धुऱ्यावरून येई, म्हणून कुणी मोजले नव्हते.

आणि तिचे अठरा रुपये? कापूस विकला गेला, बाचा कसा भरला, रिकामा झाला, पुन्हा भरला. बा विसरला नव्हता. एकदा माय म्हणाली, "ते माहे पैसे," तेव्हा तो म्हणाला, "तुहे का अन् माहे का? सगळं घरातच तं आहे. पायजे तवा माग ना." आणि खरेच, तिने मागितले की तो देत होता. मला ते बरोबरच वाटे.

दुसऱ्या वर्षीही सरते बांधावरच राहिले. त्या वर्षीची वेचणी मी विसरणार नाही.

पहिल्या वेचणीच्या दिवशी आमच्याकडे शितादही करतात. घरची बाई वेचणाऱ्या बायांना घेऊन शेताच्या कोपऱ्यात जाते, पराटीच्या एका झाडाची हळदकुंकवाने पूजा करते आणि दहीभात झाडांवर शिंपडते. दहीभातासारखा पांढरा कापूस फुटावा म्हणून. मग सगळ्या बाया ओळीने शेतात उतरतात. दुपारी बाभळीखाली बसतात. मजुरी वेचलेल्या कापसाच्या वाट्यातून, भाकर जिची तिने घरून आणायची आणि कोरड्यास मालकिणीने द्यायचे, अशी रीत होती. मायच्या हातच्या कोरड्यासासाठी आमच्या शेतात बाया कधी कमी पडल्या नव्हत्या. त्या बायांची पुढारी एक म्हातारी होती. सगळ्या तिला मावशी म्हणत. दात दोनच राहिले होते, पण जीभ पुरी होती.

त्या वर्षी शितादह्याला तांदूळ उत्तम होता, बाने आणलेला. पण दुपारी हंडी उघडली तेव्हा तिच्यात पातळ डाळीचे पाणी होते. आदल्या दिवशी माय डाळीला आणि तेलाला पैसे मागायला गेली होती, आणि बाने विचारले होते, "कोनासाठी?"

"वेचनाऱ्यांसाठी."

"त्याहिले आता पैसा काई कमी आहे का? वेचनीचा वाटा केवढ्याले जाते, पाहून नाई राहिली का तू? आपलं आनाव अन् आपलं खाव."

मावशीने भाकरीचा तुकडा त्या पाण्यात बुडवला, वर काढला, आणि ठिबकू दिला. "काय व बाई," ती म्हणाली, "आज नाल्यातून आनलं काय कोरड्यास?"

बाया हसल्या. मायही हसायला गेली, पण तिला जमले नाही.

"का आमी कापूसच लावून खाव भाकरीले?" मावशी म्हणाली. "तुह्या मालकाचा गोड असंन, बम महाग आहे ना."

"उद्या करतो मावशी," माय खाली बघून म्हणाली. "उद्या चांगलं करतो."

मावशीचे हसणे तेवढ्यात थांबले. ती मायच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग पदरातली हिरवी मिरची काढून तिने मायच्या हातावर ठेवली. "खाय," म्हणाली. "तू तरी काय लावून खाशीन?"

दुसऱ्या दिवशी हंडीत तेच होते. तिसऱ्या दिवशी बाया आल्या नाहीत. अकोल्याकडे आगगाडीच्या वाटेचे मातीकाम निघाले होते, तिकडेही बाया जात होत्या, आणि ज्या उरल्या त्यांना गावात सगळीकडून बोलावणे होते. त्या पलीकडच्या काकूंच्या शेतात गेल्या. काकूंच्या घरी दोन दीर आणि एक हट्टी सासू होती, त्यामुळे त्यांच्या धुऱ्यावर नांगर गेला नव्हता. आमच्या बांधावरून दिसायचे, दुपारी त्या तिकडे गोल करून बसल्या आहेत. वाऱ्यावर लसणाचा वास येई. आणि आमचा कापूस झाडावर फुटून लोंबत होता, वाऱ्याने जमिनीवर पडत होता, त्याला वाळका पाला चिकटत होता. माय, बा आणि मी तिघे वेचत होतो. माझ्या बोटांना बोंडांच्या टोकांनी चिरा पडल्या.

शेवटी बा मावशीच्या दारी गेला. मी त्याच्या बोटाला धरून होते.

"काय मालक," मावशी उंबऱ्यावरूनच म्हणाली, "कापूस होळीपावतर झाडावरच ठेवता काय? शोभून तं राहिला."

"वाटा वाढवून देतो मावशी. चाल."

"वाटा सगळेच देऊन राहिले. पैसा आमीही पाहिला आता. माही नातसून गव्हाची पोई मांगते, जवारीले नाक मुरडते. पैशाचं काय सांगता? तुमच्या बाईच्या हातचं कोरड्यास बाजारात इकत भेटत नाई. ते देत असान तं येतो."

दुसऱ्या दिवशी बाने अकोल्याहून डाळीचे पोते आणि तेलाचा बुधला आणून मायपुढे ठेवला. "घे. कर काय कराचं ते." बाया परत आल्या. मायने हंडी भरभरून केले. पण पोते संपत आले तेव्हा बा पोत्यात हात घालून बघत म्हणाला, "एवढं लागते? दर साली एवढं लागत होतं?" त्याला खरेच आश्चर्य वाटले होते. माय म्हणाली, "लागत होतं." आणि बुधला रिकामा झाला तेव्हा पुन्हा चौकट होतीच.

त्या वर्षी बाने तिला सोन्याची एकदाणी केली. स्वतःच्या हाताने गळ्यात घातली. मी टाळ्या पिटल्या. माय आरशात बघून म्हणाली, "चांगली आहे." मग फार हळू म्हणाली, "माहे पैसे निराळे."

"अवं, अठराच्या किती पट आहे हे, समजते का तुले!"

"समजते," माय म्हणाली.

त्यापुढचे वर्ष मला नीट आठवत नाही, पण एकदा भर बाजारात गलका झाला, की लढाई थांबली. गावातल्या एकाने तर देवाला नारळ फोडला, लढाई थांबली म्हणून. त्याला कुणी सांगितले नव्हते की याचा अर्थ काय. भाव घसरला तो घसरतच गेला. गहू गेला, खडीसाखर गेली. ज्वारी मात्र महागच राहिली, कारण सगळ्यांनीच पराटी पेरली होती. एकदाणी सोनाराकडे गेली. मायने ती गळ्यातून काढून बाच्या हातावर ठेवली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीच बदलले नाही. ती तिची कधी नव्हतीच. चौथीची परीक्षा झाली आणि माझेही पाटीदप्तर फळीवर गेले.

अकोल्याच्या एका अडत्याकडे बाच्या कापसाचे पैसे अडकले होते. कापूस त्याने कधीच पुढे पाठवला होता, पैसे द्यायचे राहिले होते. एक दिवस बा निघाला तेव्हा माय मला म्हणाली, "तू जाय संगं. तुह्यासंगं असले का ते भांडत नाईत." तिने भाकर बांधून दिली.

अडत्याचे दुकान उंच ओट्याचे. आत गादी, तक्क्या. भाव होता तेव्हा त्याने बाला त्या गादीवर बसवून घेतले होते, पान दिले होते, हे बा घरी सांगत असे. त्या दिवशी तो म्हणाला, "बसा, बसा पाटील. जरा हातातलं होऊ द्या." आम्ही ओट्याच्या पायरीवर बसलो. माणसे येत होती, जात होती. ऊन आमच्या पायांवर आले, मग गुडघ्यांवर आले. बा एकदोनदा उठला. "शेटजी, माह्यं जरा—" "पाहतो ना पाटील. तुमचे पैसे कुठी पळून जातात? घरचंच समजा."

बा परत येऊन दाराच्या चौकटीशी उभा राहिला. मी खालून त्याच्याकडे बघत होते. त्याची मान खाली होती आणि तो अंगठ्याने ओट्यावरची माती खरवडत होता.

दुपारी आम्ही मोर्णेच्या काठी बसून भाकर सोडली. आत तिळाची चटणी होती. बाने एक घास खाल्ला आणि थांबला. कितीतरी दिवसांनी तिळाचा वास आला होता.

"तीय कुठून आनले तुह्या मायनं?"

"काकूच्या इथून. मांगून आनले."

"कवा?"

"काल. माय म्हने, अकोल्याले चालले, कोरडी भाकर कशी देऊ."

बाने पुढचा घास घेतला नाही. नदीकडे बघत बसला. मला वाटले त्याला चटणी तिखट लागली, म्हणून मी पाणी आणून दिले. त्याने ते घेतले आणि म्हणाला, "तुही माय मांगाले जाते तवा काय म्हनते?"

मला प्रश्न कळला नाही. मी म्हणाले, "काई नाई म्हनत. उभी राह्यते."

उन्हे उतरल्यावर अडत्याने पैसे दिले. पुरे नाही, काही दिले, बाकीचे पुढे कधी आले नाहीत.

पुढचे थोडे इथेच सांगते, नाहीतर राहून जाईल. त्यानंतरच्या पेरणीला सरते पुन्हा तिफणीला लागले आणि माझे लग्न होईपर्यंत लागत राहिले. धुऱ्यावर अंबाडी आली. मावशी एका वेचणीला अंबाडीचे कोरड्यास खाऊन बोटे चाटत म्हणाली, "आता जमलं पाह्य." मग मी अमरावतीला आले. इथे शेत नाही, धुरा नाही. घर चांगले मिळाले, माणसे चांगली मिळाली, कधी कुणी उपाशी ठेवले नाही. मीठ, मिरची, तेल, सगळे मागून मिळाले. पन्नास वर्षे होत आली असतील, मी रोज उठून मागितले आणि रोज मिळाले. पण मी कधी कुणाला पैसे उसने दिले नाहीत. माझे म्हणावे असे कधी हातात नव्हतेच. मायला गाडगे पालथे करताना पाहिले होते, ते आता आठवते तेव्हा वाटते, किती ताठ बसली होती ती. "द्या मंग," असे म्हणायला मला एकदा तरी मिळाले असते.

आणि अंबाडी. मी मरायच्या आधी एकदा तिच्या तासातली अंबाडी खाईन, असे मनात येते. मग आठवते की आता तिथे काय असेल कोण जाणे, आणि माय तर नाहीच.

त्या दिवशी आम्ही अकोल्याहून घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. माय चुलीपाशी होती. बा हातपाय न धुता सरळ आत गेला. चुलीपाशी पुरुष येत नसत, म्हणून ती दचकून उठली.

"काय झालं? नाई देले काय?"

"देले." बा तिच्यासमोर उकिडवा बसला. कमरेचा कसा सोडला. वाण्याचे देणे होते, सालाने ठेवलेल्या गड्याचे होते, ते सगळे तिला माहीत होते. त्याने एक एक रुपया काढून चुलीच्या उजेडात तिच्यापुढे ठेवायला सुरुवात केली.

"वान्याचे आधी द्या," ती म्हणाली.

"वानी थांबंन."

"घरात लागतीन."

"घराचं मी पाहीन. हे तुहे आहेत. मोजून घे."

माय पदराला हात पुसून खाली बसली. तिने एक एक रुपया उचलला, बोटाने पुसला आणि दुसऱ्या बाजूला ठेवत गेली. मी दारातून बघत होते. शेवटचा ठेवून झाल्यावर तिने मान वर केली.

"अठरा," ती म्हणाली. "पुरे आहेत."